सावळाचा नंबर

कैलासची आणि सावळाची ओळख सरकारी रुग्णालयाच्या मागच्या बाकावर झाली. पुढच्या दाराला लहान मुलांची, बाळंतिणींची, कुत्रं चावलेल्यांची गर्दी असायची. मागच्या दाराला पाटीसुद्धा नव्हती. तिथे दर गुरुवारी एचआयव्हीच्या गोळ्या मिळायच्या. येणारे लोक तोंडाला रुमाल बांधून यायचे, एकमेकांकडे न बघता बसायचे आणि आपलं नाव पुकारलं की चटकन आत शिरायचे.

कैलास मावळातल्या कान्हे गावचा. घरची शेती होती, पण तो एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचा. त्याला काय झालंय हे घरात फक्त त्याच्या बायकोला, माधवीला माहीत होतं. तिची स्वतःची तपासणी चांगली आली होती. वडील, हौशीराम आबा, समजून चालले होते की पोराला लवकर साखर लागली, तिच्या गोळ्या खातोय.

सावळा तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीचा. नाचणी-वरईचं थोडं रान आणि बाकी वर्षभर मिळेल ते काम, उन्हाळ्यात बहुतेक वीटभट्टीवर. बायको कमळाबाई, तीही याच गोळ्यांवर. एकच मुलगी, छकुली, निगेटिव्ह. सावळा कैलासपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा होता, तरी कैलास त्याला 'तू' म्हणायचा आणि सावळा त्याला 'तुमी'. दोघांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

पहिल्यांदा सावळाच त्याच्याशी बोलला. हातातला कागद पुढे करून म्हणाला, "भाऊ, नंबर किती हाय तेवढं बगा की."

नंबर म्हणजे सीडी-फोरचा आकडा. रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी किती उरल्यात ते त्यावरून कळतं. पाचशेच्या वर असला तर माणूस निवांत, दोनशेच्या खाली गेला की कुठलाही आजार कधीही घुसू शकतो. ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रक्तात विषाणू किती आहे ते मोजायची तपासणी तेव्हा सरसकट होत नव्हती. दर सहा महिन्यांनी रक्त काढायचं, ते बर्फाच्या डब्यातून पुण्याला जायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी कागद यायचा. गोळ्या लागू पडतायत की नाही, हे त्या एका आकड्यावरूनच ठरवायचं.

सावळाला वाचता येत नव्हतं. समुपदेशक अनघा मॅडम वाचून दाखवायच्या, समजावूनही सांगायच्या, पण सावळाला तो आकडा आधी बाकावर कळलेला हवा असायचा. "मॅडम लय बोलत्यात," तो म्हणायचा, "तुमी नुसता नंबर सांगता."

अशी तीन-चार वर्षं गेली. सावळा येताना करवंदं आणायचा, कधी रानातला कंद. कैलास त्याला येताना बसस्टँडवरून मोटारसायकलवर घ्यायचा, मात्र रुग्णालयाच्या अलीकडेच उतरवायचा.

एकदा कामशेतच्या बाजारात कैलास मेव्हण्याबरोबर, निलेशबरोबर उभा होता. समोरून सावळा आला आणि तोंडभर हसून "काय भाऊ!" म्हणाला. कैलासने सावळाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि मान वळवली.

"कोण रे?" निलेशने विचारलं.

"काय म्हाईत. दारू प्याला आसंल."

पुढच्या गुरुवारी कैलास मान खाली घालून बाकावर बसला. सावळा नेहमीसारखा शेजारी टेकला. जरा वेळाने म्हणाला, "भाऊ, जिवाला लावून घेऊ नका. बाजारात मी तुमाला वळखत न्हाई. हितं वळखतो. झालं."

त्या दिवसापासून कैलासला या माणसाचं आपण काहीतरी देणं लागतो असं वाटत राहिलं.

दरम्यान सावळाचा नंबर खाली येऊ लागला होता. आधी साडेतीनशे होता, मग दोनशे ऐंशी, मग दोनशे छत्तीस. गोळ्या तो एक दिवसही चुकवत नव्हता. अनघा मॅडमनी पाकिटं मोजून बघितली होती. "पुढच्या वेळी अजून खाली आला तर गोळ्या बदलायला पुण्याला पाठवू," त्या म्हणाल्या होत्या.

सावळाच्या मनात मात्र वेगळंच बसलं होतं. नंबर उतरला म्हणजे रक्त बिघडलं आणि बिघडल्या रक्ताच्या माणसाने शुभकार्याला हात लावायचा नाही. पुतण्याच्या लग्नात तो दिवसभर मांडवाबाहेर आंब्याखाली बसून राहिला होता. हात लावून रोग होत नाही, हे मॅडमनी त्याला शंभरदा सांगितलं असेल. तो मान हलवायचा आणि करायचं तेच करायचा.

चैत्रात छकुलीचं लग्न ठरलं. लग्न रविवारचं, आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी सावळाचा कागद यायचा होता.

त्या गुरुवारी डॉक्टर आणि अनघा मॅडम दोघंही पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते. गोळ्या आणि कागद खिडकीतूनच मिळत होते. कैलासचा नंबर सहाशे चाळीस आला होता. तो कागद त्याने घडी घालून खिशात टाकला. तेवढ्यात सावळा आपला कागद घेऊन आला. दाढी केलेली, अंगात नवा सदरा, पण गालफडं बसलेली.

"बगा भाऊ. आन खरं सांगा. नंबर पडला आसंल तर मी पोरीला हळद लावणार न्हाई. कमळीला सांगून ठेवलंय, तिचा मामा लावंल. मी आपला भायेर बसंन."

कैलासने कागद उलगडला.

सत्त्याऐंशी.

त्याने पुन्हा बघितलं. सत्त्याऐंशीच होते. खालच्या ओळीत दुसऱ्याच कसल्या पेशींचा आकडा होता, चारशे बारा. सावळाला अक्षर येत नसलं तरी आकडे दोन आहेत की तीन, एवढं कळायचं. तो कागदावर वाकला होता. त्याच्या अंगाला राखेचा आणि नव्या कापडाचा वास येत होता.

कैलासने बोट खालच्या ओळीवर ठेवलं.

"चारशे बारा," तो म्हणाला.

"किती?"

"चारशे बारा. चढलाय."

सावळा बाकावर बसला आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. मग उठून कैलासच्या पाया पडायला लागला. कैलासने त्याला खांद्याला धरून वर उचललं.

"येडा का तू? लोकं बगत्यात."

"बगूंद्या. भाऊ, लग्नाला यायचं. न्हाई म्हणायचं न्हाई. तिकडं तुमाला कोण वळखत न्हाई."

आठच दिवसांचा प्रश्न आहे, असं कैलासने स्वतःला सांगितलं. रविवारी लग्न होईल. पुढच्या गुरुवारी आपणच त्याला आणू, मॅडमसमोर बसवू, खरं काय ते सांगू. आठ दिवसांनी काय होतंय?

शुक्रवारी अनघा मॅडमचा फोन आला. सावळाकडे फोन नव्हता. रुग्णालयाच्या वहीत त्याने कैलासचाच नंबर दिला होता.

"सावळांचा रिपोर्ट बघितला मी आत्ता. फार खाली आलाय. त्यांना ताबडतोब पाठवा. उद्याच जमलं तर बघा."

"मॅडम, त्याच्या पोरीचं लगीन हाय रविवारी."

"बरं. पण गुरुवारी नक्की. डोकं दुखतंय का, ताप येतोय का, विचारा त्यांना. आणि त्यांना आकडा सांगितला ना कुणी?"

"व्हय," कैलास म्हणाला. "सांगितलाय."

रविवारी तो ठाकरवाडीला गेला. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा होता. सावळाने आपल्या हातांनी छकुलीला हळद लावली, गालाला, दंडाला, पावलांना. मग नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना बोलावून बोलावून जेवायला बसवलं. दुपारी ढोल वाजायला लागला तसा तो मध्ये शिरला आणि गोल धरून नाचायला लागला. दम लागला की थांबायचा, गुडघ्यांवर हात टेकायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. कमळाबाई कैलासला वाढता वाढता म्हणाली, "दोन वर्सांत असं बगितलं न्हवतं त्यांना. तुमी कागद वाचलात आन माणूसच बदललं."

कैलास हसला. खरं तर त्यालाही त्या वेळी मनापासून बरं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी तो सावळाला आणायला पुन्हा वाडीवर गेला तर झोपडीला कडी होती. शेजारचे धोंडिबा आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते.

"सावळा कुटं गेला, आबा?"

"भट्टीवर. मंगळवारी मुकादमाचा टेंपो आलता. दोगं बी गेली."

"भट्टीवर? यंदा जाणार न्हाई म्हणत व्हता ना?"

"व्हय, म्हणत व्हता. आता म्हणला, नंबर चांगला आलाय, अंगात ताकद हाय, पावसापत्तोर चार पैसं करतो. कसला नंबर रं?"

"काय न्हाई. कुठली भट्टी?"

"खाली कर्जतकडं. नाव काय म्हाईत न्हाई बाबा."

कैलास मोटारसायकलपाशी येऊन नुसता उभा राहिला. तिकोण्याचा डोंगर उन्हात कोरडा दिसत होता. सावळाला भट्टीवर आपणच पाठवलं, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो तिथेच धुळीत बसला.

मॅडमना त्याने फोन करून सांगितलं की सावळा कामाला खाली गेलाय. आकड्याचं सांगितलं नाही. मॅडमनी तिकडच्या रुग्णालयाला कळवलं, पण भट्ट्या शेकड्याने आणि वाडीवरची माणसं सगळी सारख्याच नावांची. कैलास सुट्टीच्या दिवशी घाट उतरायचा आणि भट्टीभट्टीवर विचारत फिरायचा. पहिल्या रविवारी सापडला नाही, दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्याही नाही. माधवीला त्याने तिसऱ्या रविवारी रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सापडंस्तोवर जा. माझ्याकडं काय बगताय?"

चौथ्या रविवारी दुपारी नदीच्या कडेच्या एका भट्टीवर त्याला कमळाबाई दिसली. डोक्यावर विटांची पाटी होती. त्याला बघताच तिने पाटी खाली ठेवली आणि काही न बोलता प्लास्टिकच्या पालाकडे चालू लागली.

आत सावळा पालाच्या कडेला तोंड करून पडला होता. उजेड सहन होत नाही म्हणून त्याने डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. शेजारी ओकारीवर माती टाकलेली होती.

"आट दिस झालं डोकं दुखतंय म्हणत्यात," कमळाबाई म्हणाली. "दवाखान्यात चला म्हणलं तर ऐकत न्हाईत. म्हणत्यात, नंबर चांगला हाय, हे उनाचं हाय, उतरंल. आन काल रातीपास्नं भलतंच बोलाय लागल्यात."

कैलासने मुकादमाची जीप मागून घेतली. सावळाला मागच्या सीटवर कमळाबाईच्या मांडीवर निजवलं आणि घाट चढायला लागला. मे महिन्यातला रविवार, खंडाळ्यापासून लोणावळ्यापर्यंत सगळ्या गाड्या तुंबलेल्या. चिक्कीच्या दुकानांसमोर माणसांची झुंबड, मुलं गाड्यांच्या टपांतून डोकी बाहेर काढून ओरडत होती, कुणीतरी काचेवर टिचकी मारून मक्याची कणसं विचारत होतं. जीप पंधरा-वीस मिनिटं जागची हलली नाही. त्या गोंगाटात सावळाने डोळ्यांवरचं फडकं सरकवलं आणि मान उचलली.

"बाजार हाय का हा?"

"न्हाई रं. लोणावळा हाय. पडून राहा."

सावळाने कैलासच्या पाठीकडे बघितलं. "बाजार आसंल तर मी तुमाला वळखत न्हाई बरं का, भाऊ," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

कैलासने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा त्याला समजलं की पुढची रांग हलली आहे.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पुण्याला न्यायला सांगितलं आणि रुग्णवाहिका करून दिली. पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटचा सीडी-फोर किती होता? कागद आहेत का?"

कमळाबाईने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली. सगळे कागद तिने जपून ठेवले होते. डॉक्टरबाईंनी वरचा उलगडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सत्त्याऐंशी? महिन्यापूर्वी सत्त्याऐंशी होता आणि तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत?"

"न्हाई बाई," कमळाबाई म्हणाली. "चारशे बारा हाय. नीट बगा. ह्या भाऊंनी वाचलाय."

डॉक्टरबाईंनी कैलासकडे बघितलं. तो कागदाकडे बघत होता.

"माजी... ओळ चुकली," तो म्हणाला. "खालची ओळ वाचली मी."

डॉक्टरबाई कागद फाईलला लावून आत गेल्या. कमळाबाई खाली फरशीवर बसली. बऱ्याच वेळाने तिने कैलासकडे मान वर करून बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "चूक कुनाकडनंबी हुईल. तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?"

सावळा अकरा दिवस जगला. छकुली आणि जावई येऊन बसले होते. सातव्या दिवशी त्याने छकुलीला ओळखलं, तिच्या हातावरची उतरलेली मेंदी बघून बोट फिरवलं. त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही. कैलास रोज कारखान्याची बस लावून पुण्याला जायचा, औषधं आणायचा, जिन्यात बसायचा. कमळाबाई त्याच्यापुढे डब्यातली भाकरी करायची. तो ती तशीच ठेवून उठायचा.

दहाव्यानंतर चार दिवसांनी तो वाडीवर गेला. कमळाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. त्याने पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "ओळ चुकली न्हवती."

सूप थांबलं.

"मी सत्त्याऐंशी वाचलं व्हतं. नीट वाचलं व्हतं. तो म्हणला, पडला आसंल तर पोरीला हळद लावणार न्हाई. म्हणून मी दुसरं सांगितलं. गुरुवारी खरं सांगणार व्हतो. तवर तुमी गेलता. मॅडमचा फोन बी आलता मला, त्याला लगेच आणा म्हणून. त्यो बी मी सांगितला न्हाई."

तो थांबला. कमळाबाईने सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले. तिचा आवाज चढला नाही.

"मांडवात ते नाचत व्हते, आन तुमी बसून हसत व्हता. तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मी तुमाला वाढत व्हते, तवा?"

"व्हय."

तिने नाचणीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. "त्यांचा नंबर व्हता, भाऊ," ती म्हणाली. "मांडवाच्या भायेर बसले आसते, तर बसले आसते. रडले आसते. पन गुरुवारी मॅडमकडं आले आसते."

तिने सूप पुन्हा उचललं.

"जावा आता," ती म्हणाली. "हितं येऊ नका."

तो गेला. पुढच्या गुरुवारी त्याने अनघा मॅडमनाही सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले, मग त्या त्याच्यावर रागावल्या आणि मग स्वतःवरच. "मी त्यांच्याशी स्वतः बोलायला हवं होतं. तुमच्यावर सोडायला नको होतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधीही खिडकीतून कागद हातात देऊ दिला नाही. स्वतः नसल्या तर कागद कपाटात कुलूपबंद राहायचे.

कैलास आज पंचेचाळिशीच्या पुढे आहे. त्याचा नंबर चांगला आहे. आता वर्षातून एकदा विषाणू मोजायची तपासणीही होते, तिच्यातही काही सापडत नाही. माधवी एकदा त्याला म्हणाली होती, तळेगावच्या बाजूला नाव बदलून घ्या, कशाला त्याच बाकावर जाता. त्याने नाव बदललं नाही. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

कमळाबाईही तिथेच येते. त्याच्याकडे बघत नाही, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते. तिच्याबरोबर छकुली असते, ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी कमळाबाईचा कागद आला. मॅडमच्या खोलीत छकुलीने तो वाचून दाखवला आणि दार उघडं असल्यामुळे बाकावर बसलेल्या कैलासला सगळं ऐकू आलं. विषाणू पुन्हा वाढले होते आणि आकडा वाईट होता. छकुलीने एकेक आकडा पूर्ण वाचला, आणि मॅडमनी त्याचा अर्थ सांगितला.

"मंजी जुन्या गोळ्या चालत न्हाईत," कमळाबाई म्हणाली.

"नाही चालत, मावशी. बदलायला लागतील. पुण्याला जावं लागेल."

"कवा?"

"उद्याच."

"बरं," कमळाबाई म्हणाली. "उद्याच जाऊ."

कैलास उठला आणि त्या बाहेर यायच्या आत फाटकापर्यंत चालत गेला. दुसऱ्या दिवशी त्या दोघी सकाळच्या लोकलने पुण्याला गेल्या. गोळ्या बदलल्या आणि पुढच्या वर्षी कमळाबाईचा कागद चांगला आला. हे कैलासला मॅडमकडून कळलं. कमळाबाईने त्याला सांगितलं नाही, आणि त्यानेही तिला कधी विचारलं नाही.